आकाशात जबाबदारी कोणाची?

हवाई नियमांचा पेपर जवळ आला की प्रशिक्षणार्थी वैमानिक एक तक्ता घोकायला बसतात. हवाई क्षेत्राचे ए ते जी असे सात वर्ग, आणि प्रत्येकासमोर आयएफआरला काय, व्हीएफआरला काय, क्लिअरन्स कोणाला लागतो, रेडिओ कोणाला सक्तीचा, वेगमर्यादा कुठे. डीजीसीएच्या परीक्षेत पास व्हायला ७० टक्के गुण लागतात, आणि तक्ता पाठ असला की त्यातले काही हमखास पदरात पडतात. परीक्षा संपते, तक्ता विसरतो. मग पहिल्या क्रॉस-कंट्रीला हाच विद्यार्थी कंट्रोल झोनच्या हद्दीत शिरतो, कंट्रोलरचा आवाज ऐकतो आणि निर्धास्त होतो. आता कोणीतरी वरून बघते आहे, आपल्याला काही होणार नाही, असे त्याला वाटते. या निर्धास्तपणाची मला काळजी वाटते, आणि ही प्रस्तावना मुख्यतः त्याबद्दल आहे.

त्या सातही ओळी एकाच प्रश्नाची उत्तरे देतात. या क्षणी माझे विमान दुसऱ्या विमानावर आदळू नये, ही जबाबदारी कोणाची? ए वर्गात उत्तर सरळ आहे. तिथे फक्त आयएफआर उड्डाणे असतात आणि प्रत्येक विमानाला प्रत्येक विमानापासून दूर ठेवण्याचे काम कंट्रोलरचे असते. जी वर्गातही उत्तर तितकेच सरळ आहे. तिथे तुम्हाला माहिती मिळेल, पण अंतर राखायचे ते तुम्हीच. घोळ होतो तो मधल्या वर्गांत, आणि आपल्याकडे शिकणाऱ्याचा संबंध येतो तो नेमका याच वर्गांशी. विमानतळांभोवतीचे कंट्रोल झोन आणि टर्मिनल क्षेत्रे म्हणजे डी वर्ग. त्यांच्या बाहेर, जिथे नियंत्रण सेवा मिळते ते हवाई मार्ग ई वर्गात, जिथे केवळ सल्ला सेवा मिळते ते एफ वर्गात, आणि उरलेले सारे आकाश जी वर्गात मोडते.

डी वर्गापाशी जरा थांबू. समजा, तुम्ही गोंदियाहून एकट्याने निघालात आणि नागपूरच्या कंट्रोल झोनमध्ये शिरण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. थोड्या वेळाने हेडफोनमध्ये शब्द येतात: ट्रॅफिक, टेन ओ'क्लॉक, फाइव्ह माइल्स, एअरबस ए३२०. पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते, एअरबस कंट्रोलरला दिसते आहे, म्हणजे आपल्याला तिच्यापासून दूर ठेवणे हे त्याचे काम. डी वर्गात व्हीएफआर उड्डाणाच्या बाबतीत तसे नाही. इथे कंट्रोलर आयएफआर विमानाला दुसऱ्या आयएफआर विमानापासून वेगळे ठेवतो. तुम्हाला मात्र तो इतर विमानांची माहिती देतो. त्याने वाक्य पूर्ण केले की ती एअरबस शोधणे, तिच्यावर नजर ठेवणे आणि तिच्या वाटेत न येणे हे तुमचे काम सुरू होते. दिसली तर 'ट्रॅफिक इन साइट' म्हणा. दिसली नाही तर 'निगेटिव्ह कॉन्टॅक्ट' म्हणा आणि टाळण्यासाठी सल्ला मागा. मागितलात तर तो मिळतो, तशी तरतूदच आहे. पण मागावा लागतो, आणि नवा विद्यार्थी मागत नाही. त्याला संकोच वाटतो. न दिसलेले विमान दिसल्याचे सांगून मोकळे होणे, ही नवशिक्या वैमानिकाच्या हातून होणारी सर्वांत घातक गोष्ट आहे. कारण 'इन साइट' हे शब्द ऐकताच कंट्रोलरचे लक्ष पुढच्या विमानाकडे वळते.

ई वर्गाची गंमत निराळी. तिथे आयएफआर विमान नियंत्रणाखाली असते, पण त्याच आकाशात व्हीएफआर विमान क्लिअरन्स न घेताही असू शकते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याला रेडिओ संपर्काचीही सक्ती नाही. म्हणजे मोठ्या विमानाच्या कॅप्टननेही खिडकीबाहेर बघितलेच पाहिजे. भारतात उड्डाणापूर्वी फ्लाइट प्लॅन, एफआयसी क्रमांक आणि हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक घ्यावा लागत असल्याने कोण उडते आहे याची नोंद बहुधा असते. तरीही नोंद असणे आणि अंतर राखले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही सगळी रचना आली कुठून, हे थोडक्यात सांगतो, कारण इतिहासाचे प्रकरण पुस्तकात पुढे आहेच. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे करार झाला. आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे पूर्ण सार्वभौमत्व आहे, हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेले आहे. सार्वभौमत्वाबरोबर जबाबदारीही आली. इकाओ ही संघटना त्याच करारातून निघाली, आणि तिच्या अकराव्या परिशिष्टात हवाई वाहतूक सेवांची उद्दिष्टे मांडली आहेत. विमानांची एकमेकांशी टक्कर टाळणे, धावपट्टी आणि टॅक्सीवेवर अडथळ्यांशी टक्कर टाळणे, वाहतूक सुरळीत व वेगाने चालू ठेवणे, सुरक्षित उड्डाणासाठी उपयोगी माहिती देणे, आणि एखादे विमान संकटात असेल तर शोध व बचाव यंत्रणेला कळवणे. भारताचे आकाश त्यासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार फ्लाइट इन्फॉर्मेशन रीजनमध्ये वाटलेले आहे. मुंबईचा रीजन अरबी समुद्रावर दूरवर पसरलेला आहे. नागरी विमानतळांवर ही सेवा भारतीय विमानतळ प्राधिकरण देते. पुण्यात लोहगावला मात्र रेडिओवरचा आवाज हवाई दलाचा असतो आणि गोव्यात दाबोळीला नौदलाचा. महाराष्ट्रात शिकणाऱ्यांनी हा फरक पहिल्यापासून ध्यानात ठेवावा. लष्करी तळांच्या वेळा, सराव आणि निर्बंध यांना तिथे अग्रक्रम असतो.

वाहतूक सुरळीत ठेवणे हे तिसरे उद्दिष्ट वाचायला सोपे वाटते, पण कंट्रोलरचा बराचसा ताण त्यातूनच येतो. चौकातला पोलीस हात वर करून गाडी थांबवू शकतो, विमान कोणालाच थांबवता येत नाही. फार तर त्याला होल्डिंगमध्ये ठेवता येते. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. चार मिनिटांचा एक फेरा आणि प्रत्येक फेऱ्यात जळणारे इंधन. मुंबईसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांच्या विमानतळावर एका विमानाने धावपट्टी सोडायला अर्धे मिनिट जास्त घेतले, तर मागच्या विमानाला गो-अराउंड करावा लागू शकतो. कंट्रोलर तुम्हाला 'एक्स्पेडाइट' म्हणतो तेव्हा तो रागावलेला नसतो. तुमच्या मागे तीन-चार मैलांवर कोणीतरी उतरत येत असते.

आता उंचीबद्दल. आडव्या दिशेने रडारवर साधारण ५ नॉटिकल मैल आणि विमानतळाजवळ ३ मैल अंतर ठेवतात. उभ्या दिशेने मात्र १००० फूट पुरे मानले जातात. पूर्वी २९,००० फुटांच्या वर हे अंतर २००० फूट असे. उंचीमापक अधिक अचूक झाल्यावर भारतात २००३ मध्ये तिथेही १००० फूट लागू झाले. हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. एवढ्या अंतरावरून दोन जंबो जेट समोरासमोर जाणार असतील तर त्या हजार फुटांचा प्रत्येक फूट दोन्ही विमानांत सारखाच मोजला गेला पाहिजे. म्हणून सर्वांनी उंचीमापकावर सारखाच दाब लावायचा, आणि खालच्या उंचीवर तो दाब म्हणजे क्यूएनएच. समुद्रसपाटीजवळ दाबातला एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २७ फूट. पावसाळ्यात एखाद्या दिवशी क्यूएनएच १००३ असताना तुमच्या उंचीमापकावर १०१३ तसाच राहिला, तर यंत्र खऱ्यापेक्षा पावणेतीनशे फूट जास्त उंची दाखवेल. तुम्ही स्वतःला सुरक्षित समजत असाल आणि विमान त्याहून खाली असेल. क्यूएनएच परत उच्चारून दाखवण्याची सक्ती आहे ती यासाठी.

हजार फुटांचे मोल काय, ते १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात कळले. सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोईंग ७४७ दिल्लीहून नुकतेच निघून वर चढत होते. कझाकस्तान एअरलाइन्सचे आयएल-७६ दिल्लीकडे उतरत येत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितले होते आणि कझाक विमानाला १५,००० वर. कंट्रोलरने कझाक विमानाला समोरून येणाऱ्या बोईंगची माहिती दिली, दिशा, अंतर आणि पातळी सांगितली. कझाक विमान १५,००० वर थांबले नाही, ते खाली सरकत राहिले. रेडिओवर बोलणारा माणूस वैमानिक नव्हता, वेगळा रेडिओ ऑपरेटर होता, आणि उंची बघायला त्याला वैमानिकांच्या खांद्यांवरून डोकवावे लागे. दोन्ही विमानांतले सगळे, ३४९ माणसे, गेली. हवेतल्या टकरीत इतकी जीवितहानी त्याआधी कधी झाली नव्हती, त्यानंतरही झालेली नाही.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमानाचे परवानगीशिवाय उतरणे हे कारण ठरले. इंग्रजी सूचना नीट न उमगणे आणि कॉकपिटमधला विस्कळीतपणा यांकडेही बोट दाखवले गेले. पण प्रशिक्षणार्थींनी या घटनेत आणखी एक गोष्ट बघावी असे मला वाटते. दिल्लीत येणारी आणि जाणारी विमाने तेव्हा एकाच मार्गाने जात, कारण भोवतालचे बरेच आकाश हवाई दलाकडे होते. कंट्रोलरच्या रडारवर विमानांचे ठिपके दिसत, उंची दिसत नसे. उंची सांगणारे सेकंडरी रडार सेवेत यायचे होते. म्हणजे कझाक विमान १५,००० वर आहे, हे त्याला कळण्याचा एकच मार्ग होता: त्या विमानाने तसे सांगणे. कंट्रोलरने आपले काम बरोबर केले, टक्कर तरीही झाली. पुढे दिल्लीत येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, सेकंडरी रडार आले, आणि विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. तरीही आज तुम्ही रेडिओवर 'मेंटेनिंग' म्हणता तेव्हा तो शब्द खरा असला पाहिजे, ही अपेक्षा तेव्हाइतकीच आहे. उंचीमापकावर काटा स्थिरावलेला बघा, मग बोला.

टीकॅसबद्दल एकच वाक्य इथे, बाकी सहाव्या प्रकरणात. यंत्रणेने वर जायला सांगितले आणि कंट्रोलरने खाली, तर यंत्रणेचे ऐकायचे. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतल्या युबरलिंगनजवळ एका विमानाने कंट्रोलरचे ऐकले आणि दुसऱ्याने यंत्रणेचे, त्यात ७१ जण गेले, त्यांत बरीच शाळकरी मुले होती.

भाषेबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या तेनेरीफला दाट धुक्यात केएलएमचे ७४७ धावपट्टीच्या टोकाला उभे होते. पॅन ॲमचे ७४७ त्याच धावपट्टीवरून टॅक्सी करत होते. केएलएमला उड्डाणानंतरच्या मार्गाचा क्लिअरन्स मिळाला. धावपट्टी सोडून उडण्याची परवानगी अजून दिलेली नव्हती, पण मार्गाच्या त्या क्लिअरन्समध्ये 'टेक-ऑफ' हा शब्द होता. केएलएमने तो परत वाचताना आपण आता टेक-ऑफला आहोत, अशा अर्थाचे काही म्हटले. कंट्रोलर 'ओके' म्हणाला आणि पुढे थांबायला सांगू लागला. त्याच क्षणी पॅन ॲमनेही रेडिओचे बटण दाबले, दोन्ही आवाज एकमेकांवर चढले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टीसारखा आवाज तेवढा पोहोचला. ५८३ माणसे मेली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात. एरवी 'डिपार्चर' म्हणतात. 'ओके'ला रेडिओवर जागा नाही. धावपट्टीशी संबंधित प्रत्येक सूचना, पातळी, हेडिंग, वेग, ट्रान्सपॉन्डर कोड आणि क्यूएनएच शब्दशः परत वाचायचे, त्यावर 'रॉजर' म्हणून भागत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण मराठी माध्यमातून आलेले असतात. रेडिओवर त्यांना इंग्रजीच बोलायचे आहे आणि ते शिकतातही झटपट, कारण ती वाक्ये ठरलेली आहेत. अडचण येते ती वाक्य ठरल्यापेक्षा वेगळे आल्यावर. अशा वेळी पाठांतर कामाला येत नाही, समोर नक्की काय चालले आहे याची समज कामाला येते, आणि ती समज घरच्या भाषेत पक्की बसते असा माझा अनुभव आहे. म्हणून हे पुस्तक मराठीत आहे आणि त्यातली रेडिओवरची वाक्ये मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत. एखादी सूचना समजली नाही तर 'से अगेन' म्हणा. दोनदा म्हणा. त्यात कमीपणा नाही.

नियंत्रणावर इतके लिहिले, की उरलेल्या दोन सेवा दुय्यम वाटतील. त्या तशा नाहीत. माहिती सेवा तुम्हाला हवामान, बंद पडलेली उपकरणे, धावपट्टीची अवस्था सांगते. ती मिळाल्यावर निर्णय तुमचा असतो. तिसरी, म्हणजे अलर्टिंग सेवा, तुम्हाला ऐकूच येत नाही. उतरण्याची परवानगी मिळालेले विमान अपेक्षित वेळेनंतर पाच मिनिटांत उतरले नाही आणि संपर्कही होत नाही, की सावधतेची अवस्था सुरू होते. ठरल्या वेळेनंतर तीस मिनिटे विमानाकडून काही कळले नाही, की अनिश्चिततेची अवस्था सुरू होते. आसपासच्या विमानतळांना विचारणा होते, आणि काहीच उत्तर मिळाले नाही तर शोध आणि बचाव. मनोरा नसलेल्या छोट्या धावपट्टीवर उतरून, पोहोचल्याचे न कळवता चहाला गेलेला विद्यार्थी ही सगळी यंत्रणा विनाकारण कामाला लावतो. फ्लाइट प्लॅन बंद करणे हा उड्डाणाचाच भाग आहे.

काही आकाश असे आहे की तिथे जायचेच नाही. निषिद्ध क्षेत्रांच्या जुन्या यादीत मुंबईतले मलबार हिलवरचे पारशांचे दखमे आहेत, तुर्भ्याचे अणुकेंद्रही आहे. निर्बंधित आणि धोक्याची क्षेत्रे वेळेनुसार चालू-बंद होतात, म्हणून नकाशा बघून निघणे पुरेसे नाही, त्या दिवशीचे नोटॅम वाचलेच पाहिजेत. या पुस्तकातली कोणतीही सीमा, वारंवारता किंवा उंची उड्डाणासाठी वापरू नका. ती एआयपीच्या ताज्या प्रतीतूनच घ्या. नवी मुंबईचा विमानतळ आल्यावर मुंबईभोवतीच्या आकाशाची आखणी कशी बदलावी लागली ते बघितले, की छापील पुस्तक किती लवकर जुने होते ते कळते.

आणि क्लिअरन्स मिळाला तरी डोळे तुमचेच. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ मुंबईत सांताक्रूझऐवजी जवळच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि टोक ओलांडून पुढे गेले. परवानगी सांताक्रूझची होती, धावपट्टी दुसरीच बघितली गेली. दोन्ही धावपट्ट्या आजही तिथेच आहेत, एकमेकींपासून काही किलोमीटरवर.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडे. वर्गांचा तो तक्ता मी पहिल्या प्रकरणात दिलेला नाही, शेवटी दिला आहे. आधीची प्रकरणे वाचून झाल्यावर तो स्वतः रिकाम्या कागदावर भरून बघा. अडलात तर त्या वर्गात कोण कोणाला वेगळे ठेवतो एवढेच स्वतःला विचारा, बाकीचे रकाने आपोआप भरतात. दृश्यमानता आणि ढगांपासूनच्या अंतराचे नियमही त्याच पद्धतीने वाचा. दहा हजार फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यमानता, ढगापासून आडवे १५०० मीटर आणि उभे १००० फूट हे आकडे ठरवले आहेत ते ढगातून अचानक बाहेर येणारे विमान दिसून ते टाळायला वेळ मिळावा म्हणून.

गोंदियाच्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडतात आणि विमानतळ प्राधिकरणाची कंट्रोलर घडवणारी संस्थाही गोंदियातच आहे. तरी शिकत असताना दोघांची भेट क्वचितच होते. तुमच्या प्रशिक्षकांना सांगा, विमानतळाकडे रीतसर अर्ज करा आणि सोलोला जाण्यापूर्वी एकदा तरी टॉवरमध्ये तासभर उभे राहून या. तुमच्यासारख्याच विद्यार्थ्याचा अडखळता आवाज त्या बाजूने कसा ऐकू येतो आणि तेवढ्या वेळात कंट्रोलरला आणखी किती विमाने सांभाळायची असतात, ते बघा. मग पुन्हा पहिले प्रकरण उघडा.